बदकाच्या माथी मारलेलं तळं

केलोवारा नगरपालिकेत माणसं आठशे चाळीस आणि तळी दोन हजार तीनशे. म्हणजे तान्ह्या बाळापासून पास्टरपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीन तळी येतात, तरी तळ्यावरून भांडण झालं नाही असा उन्हाळा आमच्याकडे जात नाही. नगरपालिकेच्या कचेरीत तळ्यांची एक यादी आहे. तीत अकरा तळ्यांपुढे 'मासे नाहीत' असं लिहिलेलं आहे. ही माहिती ज्या बाईने दिली, तिनेच त्या अकराही तळ्यांत मासे नेऊन सोडलेले आहेत.

त्या बाईचं नाव केर्त्तू. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं डाव हलवला. दर गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि त्यावर पॅनकेक. आज कचेरीत जे कुणी साहेब म्हणून मिरवतात त्यांच्या लहानपणच्या शेंबडाची तिला तपशीलवार माहिती आहे, त्यामुळे तिच्या कुठल्याही अर्जावर लगेच सही होते. नवरा ओलावी पोस्टात होता. त्याला मासा आवडत नसे. तरी संसार चाळीस वर्षं टिकला, कारण दोघांपैकी एकजण कायम घराबाहेर असे.

पण केर्त्तूची खरी ओळख म्हणजे पाठीवरचा वीस लिटरचा दुधाचा कॅन.

आमच्या वरच्या डोंगरातल्या कितीतरी तळ्यांत मासाच नव्हता. बर्फ वितळून पाणी साठलं, पण वाटेतल्या धबधब्यांमुळे मासा वर चढू शकला नाही. देवाचं राहून गेलेलं काम माणसांनी पाठीवरून केलं. खालच्या तळ्यातले जिवंत मासे कॅनमध्ये भरायचे, वर ओलं शेवाळ ठेवायचं, प्रत्येक ओढ्यावर पाणी बदलायचं, आणि बसलं की हात आत घालून ढवळत राहायचं, नाहीतर मासे गुदमरतात. या कामाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, म्हणून ते सगळ्यांना पाठ आहेत. जो मासा नेईल त्याचं तळं. नेल्यावर सात वर्षं त्यात कुणीच जाळं टाकायचं नाही, नेणाऱ्यानेसुद्धा नाही. नंतर दुसऱ्या कुणाला तिथे जाळं टाकायचं असेल, तर त्याने अर्ध्या किलोचं कॉफीचं पाकीट घेऊन तळ्याच्या मालकाच्या दारात जायचं आणि नीट विचारायचं. आमच्याकडे पास्टरसमोर खोटं बोललेलं खपतं. हे नियम मोडलेले खपत नाहीत.

केर्त्तूचं पहिलं तळं कार्नेलांपी. साल एकोणीसशे सहासष्ट, ती वीस वर्षांची. त्या काळी मासे नेणं हे पुरुषांचं काम समजलं जाई, म्हणजे पुरुष त्याबद्दल बोलत. एकोणीस राउतू तिने कॅनमध्ये घातले. राउतू म्हणजे थंड पाण्यातला, आतून शेंदरी मांसाचा मासा. नाजूक, रुसका, जरा पाणी कोमट झालं की पोट वर करणारा. बारा किलोमीटरची चढण ती त्यांना शिव्या घालत चढली. "मरू नका गं बायांनो, मेलात तर बघा!" दोन मेले. सतरा तिने कार्नेलांपीच्या काठावर ओंजळीने सोडले. ते क्षणभर तिच्या सावलीतच थांबले आणि मग एकेक करून खाली गेले. इतकी वर्षं नुसतं आभाळ दाखवणाऱ्या त्या तळ्याला त्या क्षणी खोली आली, असं तिला वाटलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्या घरात असलं काही बोललं की ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघत.

मग ती वाट बघू लागली. सहा वर्षं तिने कार्नेलांपीत साधा गळही टाकला नाही. सातव्या वसंतात बर्फ फुटल्यावर नुसती बघायला गेली, तर काठावरच्या दगडावर राउतूंची डोकी. वाळलेली, गेल्या शरदातली. तिने मोजली नाहीत. शेजारच्या झुडपात जाळ्याची एक तरंगती पाटी अडकली होती, भूर्जाच्या सालीची. तिच्यावर चाकूने कोरलेल्या तीन रेघा आणि एक आकडा. ती खूण गावात एकाच घराची होती, आणि ते घर तिच्या घराला लागून होतं.

त्या घरातला तावेत्ती तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. उंच, देखणा, आणि स्वतःच्या देखणेपणाची बातमी स्वतःला वेळेवर पोचलेला. त्याच आठवड्यात दुकानात चार माणसांसमोर तो केर्त्तूला म्हणाला, "कार्नेलांपीकडे पाणमांजरं फार माजलीत म्हणे. तुझे मासे सांभाळ बाई."

"सांभाळते," केर्त्तू म्हणाली. यीस्टचं पुडकं घेतलं आणि घरी आली.

पाटी तिने स्वयंपाकघराच्या खणात कात्रीशेजारी ठेवली आणि जूनमध्ये पुन्हा कॅन पाठीवर घेतला. या खेपेला कॅनमध्ये राउतू नव्हते. तिच्या सौनामागे, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागे, मुस्तालांपी नावाचं काळ्या पाण्याचं डबकं आहे. तिथे फक्त हाउकी असतात. हाउकी म्हणजे तोंडभर दातांचा, पोटात तळ नसलेला मासा. तो राउतूच्या तळ्यात शिरला की आठ-दहा वर्षांत राउतू संपतो आणि पुढची हजार वर्षं हाउकीच उरतो. आमच्याकडे दुसऱ्याच्या बायकोकडे बघितलेलं एक वेळ चालतं. दुसऱ्याच्या राउतूच्या तळ्यात हाउकी सोडलेला चालत नाही.

केर्त्तूने चार हाउकी घेतले. तावेत्तीच्या आजोबांनी राउतू नेऊन वसवलेलं सिल्मायार्वी सात किलोमीटरवर होतं. हाउकी राउतूसारखा रुसत नाही, तो कॅनच्या आतून धडका देत असतो. तरी एक वाटेत मेला. मीठ तिच्या खिशात नेहमीच असे. तो तिने ओढ्याकाठी भाजून खाल्ला आणि उरलेले तीन सिल्मात सोडले. या वेळी तळ्याला खोलीबिली आली नाही. नुसता 'डुबुक' असा आवाज झाला.

सहा वर्षांनी तावेत्तीच्या जाळ्यात पहिला हाउकी आला. तो दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा घरी मयत झाल्यासारखा होता. "सिल्मात हाउकी? माझ्या सिल्मात? आला कुठून?"

केर्त्तू पीठ घेत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "बदकं असतील. त्यांच्या पायांना अंडी चिकटतात म्हणे."

बस्स. त्या दिवसापासून केलोवारातल्या बदकांचे दिवस फिरले. तावेत्ती त्यांना दगड मारी. शिकारीच्या दिवसांत तो दुसऱ्या कशावर गोळी झाडत नसे. नातवंडांनी पाव टाकला तर तो काढून घेई. त्याच्या घरात बदकाचं चित्र असलेली उशी होती, तीही गेली. केर्त्तूला तावेत्तीबद्दल फारसं काही वाटलं नाही, पण बदकांबद्दल वाटे. त्यांच्यासाठी तिने मनात एकदोनदा प्रार्थना केली, ओलावी झोपल्यावर, कारण प्रार्थनेचंही त्याने कारण विचारलं असतं.

अशी पंचेचाळीस वर्षं गेली. तावेत्तीची बायको गेली, मग ओलावी गेला. हिवाळ्यात एकदा तावेत्ती तिच्याकडे फावडं मागायला आला आणि कॉफी पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी फावडं परत करायला आला आणि कॉफी पिऊन गेला. तिसऱ्या दिवशी नुसताच आला. त्याला आता बारा वर्षं झाली. रोज सकाळी सातला मागच्या दाराने येतो, बूट काढत नाही, कॉफीत चीजचे तुकडे बुडवतो आणि दोघं भांडतात. हवामानावर, नगरपालिकेवर, कुणाच्या सौनाचा धूर कुणाच्या कपड्यांवर येतो यावर. अधूनमधून तो सिल्मातला हाउकी साफ करून आणतो. केर्त्तू त्याचे गोळे करते आणि तो खाताना बदकांना शिव्या देतो. आपल्याच पापाचे गोळे करून वाढायची तिला सवय झाली होती. पांढरा सॉस बरा झाला की पाप लागत नाही.

यंदा उन्हाळ्यात दक्षिणेकडून ईरिस नावाची मुलगी आली. सव्वीस वर्षांची, विद्यापीठातली. नगरपालिकेला आपल्या तळ्यांची नवी नोंद हवी होती. ही पोरगी तळ्यातळ्यावर हिंडली, माशाच्या पंखाचा कणभर तुकडा कापून कुप्पीत घाली आणि मासा परत सोडी. केर्त्तूला ती आवडली, कारण ती जेवायला नाही म्हणत नसे. सप्टेंबरच्या एका मंगळवारी ती निरोप घ्यायला आली.

"केर्त्तू, एक गंमत सांगू? परवा गुरुवारी सभागृहात सगळ्यांना दाखवणारच आहे. सिल्मातल्या हाउक्यांचं मूळ सापडलं."

केर्त्तू तिच्यासाठी केक कापत होती, ती थांबली. "बदकं ना?"

"कसली बदकं! ते तुमच्या मुस्तालांपीतले आहेत. तिथले हाउकी इतके वेगळे आहेत की चूक होणं शक्यच नाही. आणि सगळे मिळून तीनच माशांची प्रजा. कुणीतरी नेलेत." ईरिसने दुसरा तुकडा घेतला. "मस्त ना?"

"फारच," केर्त्तू म्हणाली.

मुस्तालांपीवर केर्त्तूच्या घराशिवाय आजवर कुणी गेलेलं नाही. तिथे जायची वाटच तिच्या अंगणातून, सौनामागून आहे. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी गावाला कळणार, आणि शुक्रवारी सकाळी सातला मागचं दार वाजणार नाही. गाव काय म्हणेल याची तिला फिकीर नव्हती. निम्म्या गावाला तिने चमच्याने भरवलेलं होतं. पण त्या दाराची होती. तावेत्ती आला नाही तर भांडण्याजोगं माणूस तिला दुसरं उरलेलं नव्हतं. बाकी सगळे तिच्याशी आदराने वागत.

सभेआधी आपणच सांगायचं, असं तिने ठरवलं. बुधवारी सकाळी तो येऊन बसला.

"तावेत्ती, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"तुझी दाढी डावीकडे राहिलीय."

"हे सांगायला एवढा घसा खाकरलास?"

दुपारी ती त्याच्या होडीच्या शेडवर गेली. तो जाळं शिवत होता. तिने सुरुवात केली, "सिल्मातले ते हाउकी..." तो लगेच जाळं टाकून उठला. "नाव नको काढूस! आजोबांनी तिथे राउतू नेले तेव्हा वडील सहा वर्षांचे होते, त्यांच्या पाठीवर पण एक छोटी कासंडी होती. त्या बदकाची मान माझ्या हातात एकदा यायला हवी होती." एक्क्याऐंशी वर्षांचे त्याचे हात हवेत एक मान पिळत होते. केर्त्तू स्वतःच्या मानेवरचा रुमाल नीट करून घरी आली.

चर्चच्या पत्रकामागे तिने चिठ्ठी लिहिली: 'बदक मी होते.' वाचून तिचं तिलाच हसू आलं. चिठ्ठी चुलीत गेली. गुरुवारी सकाळी दोघं बटाट्यांवर भांडले. तो उठून गेल्यावर तिने हातपिशवीत चष्म्याशेजारी खणातली एक वस्तू टाकली.

सभागृहात साठ-सत्तर माणसं आली होती. निम्मी ईरिससाठी, निम्मी फुकटच्या बनपावांसाठी. तावेत्ती पहिल्या रांगेत बसला, कारण त्याला ऐकू येत नाही हे मान्य करायचं नव्हतं. केर्त्तू त्याच्या शेजारच्या खुर्चीवर. मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष रेयो टेबलामागे.

पडद्यावर सिल्मायार्वी आलं. शेजारी मुस्तालांपी. दोघांना जोडणारी एक लाल रेघ. ईरिसने आपलं बोलणं आनंदाने पूर्ण केलं आणि मान वर केली, तर सभागृहात कुणी चमचासुद्धा हलवत नव्हतं.

रेयो आधी सावरला. लहानपणी त्याला केर्त्तूच्या हातचं सूप दोनदा मिळे. "हां, म्हणजे बदकं मुस्तालांपीवरून उडाली असणार."

"बदकाने नाही होत हे," ईरिस म्हणाली. "अंडी नव्हती, मोठे मासे होते. तीन."

मागून कुणीतरी म्हणालं, "मोठं बदक असेल."

 तावेत्ती पडद्यावरची लाल रेघ बघत होता. त्याचे ओठ हलत होते, जणू तो ती रेघ पायी चालत होता. सात किलोमीटर. मग त्याने मान हळूच शेजारच्या खुर्चीकडे वळवली.

केर्त्तू उभी राहिली. "चार होते," ती म्हणाली. "एक वाटेत मेला."

"तू?" तावेत्ती म्हणाला.

"मी."

"पंचेचाळीस वर्षं मी बदकं मारतोय!"

"मी सांगितलं होतं का मारायला?"

"तूच सांगितलंस! पीठ घेताना!"

"मी 'असतील' म्हणाले होते."

"पण का?" आता त्याचा आवाज चढेना. "का केलंस गं?"

केर्त्तूने हातपिशवी उघडली आणि भूर्जाच्या सालीची ती पाटी टेबलावर ठेवली. तीन रेघा, एक आकडा. "कार्नेलांपीवर सापडली. सात वर्षं पुरी व्हायच्या आधी. पाणमांजराचं सामान राहिलं होतं."

पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ती खूण ओळखली. तावेत्तीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढा देखणा माणूस इतका म्हातारा झालेला गावाने पहिल्यांदाच पाहिला.

यावर गप्प राहणं सभ्यपणाचं झालं असतं, पण रेयो मंडळाचा अध्यक्ष होता. त्याने खाकरून विचारलं, "मग आता सिल्मा कुणाचं म्हणायचं?"

"कुणाचं म्हणजे?" तावेत्ती उसळला. "माझं! आजोबांनी राउतू नेले तिथे!"

"पण राउतू आहेत का आता?"

"कसे असतील? हिच्या हाउक्यांनी खाल्ले!"

"तेच म्हणतोय मी," रेयो म्हणाला. "आज तळ्यात जो मासा आहे तो कुणी नेला? केर्त्तूने. सात वर्षं तिने जाळं टाकलं?"

"एकदाही नाही," केर्त्तू म्हणाली.

"नियम म्हणजे नियम." रेयोने दिलगिरीने हात पसरले. "तावेत्ती, तू गेली पंचेचाळीस वर्षं तिला न विचारता तिच्या तळ्यात जाळं टाकतोयस."

मग सभागृह फुटलं. अर्धे म्हणाले, असं कुठे असतं. अर्धे म्हणाले, असंच असतं. कुणीतरी विचारलं, हाउकी नेणं हे मासा नेण्यात धरायचं का. त्यावर कुणीतरी म्हणालं, मासा नाहीतर काय ती गाय आहे? ईरिस भराभरा लिहून घेत होती. या गोंधळात तावेत्ती उठला, टोपी घातली आणि गेला. पाटी टेबलावरच राहिली. केर्त्तूने ती परत पिशवीत टाकली. जिंकल्यासारखं काही वाटतंय का, हे तिने चालताना तपासून पाहिलं. गुडघा दुखत होता, एवढंच.

शुक्रवारी तिने सवयीने दोन कप काढले. सात वाजले, सव्वासात वाजले. तिने एक कप आत ठेवला. शनिवारी दोन्ही कप तिने मुद्दाम काढले आणि दोन्हीत स्वतःच कॉफी प्यायली. रविवारी तिने कॉफी केलीच नाही. खिडकीतून समोरच्या तळ्यात आठ-नऊ बदकं दिसत होती. तावेत्तीचा धक्का रिकामा होता आणि ती त्याच्या होडीला अगदी लागून पोहत होती, कसलीच भीती नसल्यासारखी. त्याच्या धुराड्यातून धूर मात्र येत होता.

सोमवारी सात वाजता दार वाजलं. पुढचं दार. त्या दाराने आमच्याकडे फक्त पास्टर आणि शवपेटी येते, त्यामुळे ते उघडायला केर्त्तूला खांदा लावावा लागला.

पायरीवर तावेत्ती. अंगात कोट, दाढी दोन्ही बाजूंनी केलेली, टोपी हातात. त्याने पायरीवर बूट काढले. मोज्याला भोक होतं.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "आपल्या सिल्मायार्वीत जाळं टाकायची परवानगी मागायला आलो आहे."

उभ्या आयुष्यात त्याने तिला 'आपण' म्हटलं नव्हतं. केर्त्तूने तितक्याच गंभीरपणे त्याला आत घेतलं, खुर्ची दाखवली, स्वतः समोर बसली. त्याने कोटातून कॉफीचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. अर्ध्या किलोचं, न उघडलेलं. मग दुसऱ्या खिशात हात घातला. पाकीट अस्तरात अडकलं होतं, ते ओढून काढायला त्याला वेळ लागला. तेही त्याने पहिल्याशेजारी ठेवलं.

"दोन कशाला?"

"एक सिल्मासाठी." तो खिडकीबाहेर बघत होता. "आणि हे जरा उशीर झालेलं आहे. कार्नेलांपीचं. पाणमांजराने पाठवलंय."

केर्त्तूने दोन्ही पाकिटं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, वजन केल्यासारखी तळव्यावर तोलली. मग उठली, कपाट उघडलं, दोन्ही आत ठेवून दार लावलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. "सात वर्षांनी ये."

"तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीचा असेन."

"मग घाई कशाला?"

तावेत्तीने टोपी गुडघ्यावर ठेवली. बाहेर एक बदक होडीवर चढून बसलं होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्याचा हात खिडकीच्या काचेवर ठोकायला उचलला गेला, आणि तसाच खाली आला.

"बरं, सात वर्षं तर सात वर्षं," तो म्हणाला. "तोवर कॉफी तरी टाक. आणि चीज कालचं नको."

"आहे तेच मिळेल," केर्त्तू म्हणाली आणि दोन कप काढले.